तीन तुकड्यांचा आवाज

राही शिवलकर दुपारी जेवून पडवीत आडवी झाली, की तिला सगळं ऐकू यायचं. जागेपणी नव्हे, झोपेत. डोळा लागला न लागला तोच विहिरीवरचा रहाट कुरकुरायला लागायचा, चुलीवर पेज रटरटायची, माडाची एक झावळी दुसरीला घासायची. आणि या सगळ्याच्या खालून, जमिनीतून यावं तसं, दादूचं गुणगुणणं यायचं.

दादू म्हणजे तिचा नवरा. मिऱ्या बंदरावरच्या मच्छीमारांची जाळी दुरुस्त करायचा. घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, मांडी घालून बसायचा, पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरायचा आणि सुई फिरवता फिरवता तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत राहायचा. त्याला शब्द नसत, धड चालही नसे. माणूसच तसा. बावीस वर्षांच्या संसारात तो एकदाही वरच्या आवाजात बोलला नव्हता. मासळीबाजारात भाव करायचा झाला तरी समोरच्याला वाकून त्याच्या तोंडाजवळ कान न्यावा लागे.

झोप उतरू लागली की हे सगळं पाण्यात विरघळावं तसं जायचं. उरायची फक्त कानातली एक बारीक शिट्टी, आणि तिच्या मागे कुठेतरी लांब पत्र्यावर पडणारे ठोके. राही डोळे गच्च मिटून पुन्हा आत जायला बघायची. कधी जमायचं, कधी नाही. नाही जमलं तर उठून खळ्यात यायची आणि दादूला विचारायची, मघाशी काय म्हणालात? दादू मान हलवायचा. तो काही म्हणालेलाच नसायचा.

हे साल शहाऐंशीचं. त्याआधी सतरा वर्षं राही कातळावरच्या डब्यांच्या कारखान्यात कामाला होती. हापूसचा रस भरायचे डबे तिथे होत. बाहेरून पत्रा यायचा, तो कापायचे, वळवून त्याचे डबे करायचे, आणि त्या डब्यांची झाकणं प्रेसच्या खात्यात मारायचे. एका पत्र्याच्या छपराखाली बारा प्रेस. राही चौथ्यावर, तिच्या शेजारी पाचव्यावर हौसा. प्रेस खाली आली की झाकण पडायचं, आणि तो ठोका वरच्या छपराला लागून परत डोक्यावर यायचा. बाया तिथे तोंडाने बोलतच नसत. ओठ हलवायचे, बोटं नाचवायची. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाच्या नवऱ्याने मनिऑर्डर पाठवली, सगळं त्यातच चालायचं. एकदा हौसाने कानात कापसाचे बोळे घातले तर मॅनेजरने ते काढायला लावले. कापूस घातला तर भोंगा कसा ऐकशील, असं त्याचं म्हणणं.

पहिल्या वर्षी संध्याकाळी घरी येताना राहीला वाटायचं, कानात कुणीतरी ओला फडका कोंबलाय. सकाळपर्यंत तो निघून जायचा. मग दुपारपर्यंत राहू लागला. मग निघेनासाच झाला. तरी कान गेले म्हणावं असा काही एक दिवस नव्हता. एका वर्षी तिला वाटलं, यंदा रातकिडे कमी झालेत. पुढे कधीतरी स्वतःच्या हातातल्या बांगड्या वाजेनाशा झाल्या. मग माणसांच्या बोलण्यातले मधले मधले शब्द गळू लागले आणि ती ते अंदाजाने भरून काढू लागली. सगळ्यात शेवटी दादूचा आवाज गेला. तो मुळातच इतका हळू, की तो गेल्याचं दादूला बराच काळ कळलं नाही.

कळलं ते असं. एका संध्याकाळी राही मागल्या दारी बांगडे साफ करत बसली होती. दादू तिच्या पाठीमागे येऊन उभा राहिला आणि त्याने सांगितलं, की आपली हर्ण्याला दिलेली बहीण गेली, आत्ताच निरोप आलाय. राहीने मान वर केली नाही. थोड्या वेळाने तिला मागे कुणी असल्याचं जाणवलं, तशी ती न वळताच म्हणाली, आज कालवण करू की तळू?

दादू मागे वळला. पिशवीत एक धोतर घालून एकटाच हर्ण्याला गेला. परत आल्यावर तीन दिवस तो तिच्याशी बोलला नाही आणि राहीला त्याचं कारण कळेना. शेजारणीकडून नणंद गेल्याचं समजलं तेव्हा ती हातातलं काम टाकून उठली. ती दादूसमोर जाऊन उभी राहिली. तो तिच्याकडे बघत राहिला. काय त्याच्या मनात आलं कोण जाणे, तो उठला, तिच्या मागे गेला आणि कोनाड्यातली पितळेची कळशी त्याने जमिनीवर सोडून दिली. शेजारच्या घरातलं मांजर उडी मारून पळालं. राही तशीच पुढे बघत उभी.

दादू पुढे आला. तिची हनुवटी धरून त्याने तिचा चेहरा आपल्याकडे केला आणि सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाला,

"राही, तुला ऐकायला येत नाय गो."

"दोन वर्सं झाली," राही म्हणाली. आपण केवढ्याने बोललो हे तिला कळलं नाही.

एवढे दिवस तिने ते लपवलं होतं, कारण कळलं असतं तर नोकरी गेली असती. आणि ती गेलीच. त्याच साली आंब्याच्या दिवसांत, दोन पाळ्या चालू असताना, पत्र्याची थप्पी तिच्या मागे कलली. सगळ्या बाया ओरडल्या, हौसाने हात केले, पण राही खाली बघून काम करत होती. थप्पी तिच्या पायापासून वीतभर अंतरावर पडली. लागलं कुणाला नाही. पण दुसऱ्या दिवशी मॅनेजरने बोलावून सांगितलं, बहिरं माणूस मशिनीवर नको. त्या दिवसापर्यंतचा पगार हातात ठेवला, एका कागदावर सही घेतली आणि विषय मिटला.

राहीच्या लेखी तो खरोखरच मिटला होता. ती घरी बसली, दुपारी झोपू लागली, आणि तिच्या त्या झोपेतल्या जगात तिला बरं वाटायला लागलं. तिथे कुणाला ओरडावं लागत नसे. एकदा तर तिला हर्ण्याची नणंदसुद्धा बोलताना ऐकू आली. अगदी तिच्या त्या घोगऱ्या आवाजात ती विचारत होती, वयनी, मीठ कुठं ठेवलंत? राही जागी झाली तेव्हा उशी ओली होती, पण ती रडत होती असं तिला आठवत नव्हतं.

विषय उकरून काढला तो हरिश्चंद्रने. हा शेजारचाच. पंधरा वर्षं मुंबईत गिरणीत होता, संपानंतर गावी आला तो आलाच. त्याला वाचायचं वेड. पेपर आला की पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या नावापर्यंत सगळा वाचून काढायचा. तो एक दिवस खळ्यात येऊन बसला आणि दादूला म्हणाला, की दोन वर्षांमागे कायदा बदललाय. कामाच्या आवाजाने कान गेले तर तो आता कामाने झालेला रोग धरतात, आणि त्याची भरपाई मालकाने द्यायची असते. अर्ज करायला हवा.

राहीने आधी नाहीच म्हटलं. यंत्रात बोट गेलं तर माणूस हात पुढे करून दाखवतो, मी काय दाखवू? कान तर डोक्याला आहेत तसेच आहेत. दादू जाळ्यातली सुई बाजूला ठेवून तिच्यासमोर येऊन बसला. असल्या गोष्टीत तो कधी पडत नसे.

"दिसत नाय म्हणून गेलेलं परत येतंय काय?" तो म्हणाला. "तुजं गेलंय, ते त्यांच्याकडं गेलंय. सांग तरी त्यांना."

अर्ज गेला. दीड महिन्याने कारखान्याच्या वकिलाचं उत्तर आलं. हरिश्चंद्रने ते वाचलं, आणि राहीला कळावं म्हणून मोठ्या अक्षरात पाटीवर उतरवून दिलं. त्यात होतं, की या बाईची एक मावशी बहिरी होती, तेव्हा हा दोष रक्तातला. शिवाय बाईंना खरंच ऐकू येत नाही की पैशासाठी सोंग आहे, याचीही शंका आहे. कारखाना आपल्या खर्चाने कोल्हापूरच्या डॉक्टरांकडून त्यांचे कान तपासून घेईल.

कोल्हापूरला ते दोघं गेले. तिथे राहीला एका लहान खोलीत बसवलं. कपाटाएवढी खोली, आतून जाड कापड लावलेलं, दार ओढलं की बाहेरचं जगच नाहीसं. कानांवर दोन जड वाट्या बसवल्या. समोरच्या काचेतून एका माणसाने पुठ्ठा दाखवला: आवाज ऐकू आला की बोट वर करा.

राहीने मान हलवली. मग ती नीट बसून वाट बघू लागली. सतरा वर्षांत ती अशा जागी कधी बसलीच नव्हती. अंगाखालची खुर्ची हलत नव्हती, जमीन थरथरत नव्हती, हवासुद्धा जागच्या जागी होती. पापण्या जड झाल्या. आणि दुपारी पडवीत यायचं तसं सगळं येऊ लागलं. रहाट कुरकुरला. राहीने बोट वर केलं. पेज रटरटली, तिने बोट वर केलं. पावसाळ्यात कौलांवरून ठिबकणारं पाणी, कोंबडीने पिलांना घातलेली साद, आणि मग दादूचं गुणगुणणं, अगदी लग्नाच्या पहिल्या वर्षातलं, जवळून, उबदार. तिने बोट वर केलं आणि तसंच धरून ठेवलं. काचेपलीकडच्या माणसाने आधी यंत्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग कागदावर काहीतरी लिहिलं.

घरी येताना ती खुशीत होती. पुष्कळ ऐकू आलं, असं तिने दादूला सांगितलं. दादूच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला तिला दिसला.

कोर्टाच्या आवारातल्या एका खोलीत कामगार भरपाईचे आयुक्त बसत. वयस्कर गृहस्थ; चष्मा कपाळावर सरकवून बोलणाऱ्याकडे बघायची त्यांना सवय होती. सुनावणीच्या दिवशी हरिश्चंद्रने राहीला बजावून ठेवलं होतं, की विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, आणि ते आतल्या आवाजांचं तर बिलकूल काढायचं नाही, वेडी म्हणतील. राहीला प्रश्न कळायचे कसे हा घोळ होता. दादूने हात जोडून विचारलं, मी तिच्यासमोर उभा राहू का, माझ्या तोंडाकडे बघून तिला समजतं. आयुक्तांनी परवानगी दिली. मग तो शांत माणूस भर खोलीत बायकोसमोर उभा राहिला आणि वकील जे जे म्हणतील ते आवाज न काढता ओठांनी तिला सांगू लागला.

वकिलांनी कोल्हापूरचा अहवाल वाचला. यंत्रातून आवाज सोडलेला नसताना बाईंनी अकरा वेळा बोट वर केलं. आवाज सोडला तेव्हा मात्र केलं नाही. अशा माणसाच्या उत्तरांवर विश्वास ठेवता येणार नाही. दादूचे ओठ इथे थांबले. वकील पुढे गेले, पण तो थांबलेलाच.

"सांगा," राही म्हणाली. "काय म्हणतायत ते सांगा."

"खोटं," दादूने सांगितलं.

वकिलांनी तिला विचारलं, तुम्ही बोट वर केलंत तेव्हा तुम्हाला ऐकू आलं होतं की नाही? राहीने दादूच्या तोंडावरून प्रश्न उचलला आणि म्हणाली, आलं होतं. वकील समाधानाने खाली बसले. हरिश्चंद्रने कपाळाला हात लावला. पण राही उभीच होती. ती आयुक्तांकडे वळली. आपला आवाज लहान आहे की मोठा हे तिला कळत नव्हतं, म्हणून तिने हात छातीवर ठेवला. तिथल्या थरथरीवरून तिला थोडा अंदाज येई.

"सायब, मला आयकायला आलं म्हणून मी बोट वर केलं. भायेर नसंल आलं. माज्या आत येतं. रहाट येतो, पेज येते, ह्यांचा आवाज येतो. जे गेलं तेच आत येतं. कुणी मला वेडी म्हणा." ती थोडी थांबली. "पण मी बहिरेपणाचं सोंग करत असते, तर बोट खालीच ठेवलं असतं. वर कशाला केलं असतं?"

खोली गप्प झाली की नाही हे राहीला ऐकू येणार नव्हतं. पण टाईप करणाऱ्या माणसाचे हात थांबलेले तिला दिसले. आयुक्तांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि तो अहवाल पुन्हा स्वतः वाचला. मग त्यांनी हुकूम दिला, की बाईंचे कान दुसऱ्या डॉक्टरांकडून, मिरजेला, नव्याने तपासावेत.

मिरजेच्या डॉक्टर तरुण होत्या. सावित्री त्यांचं नाव. त्यांनी कोल्हापूरचा कागद बघितला, राहीला समोर बसवलं आणि घाई न करता पाटीवर लिहून विचारलं, आत काय काय येतं? राहीने सगळं सांगितलं. सावित्रीबाईंनी ते हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी लिहिलं, कान गेले की मेंदू त्याच्या पदरचं काही वाजवत राहतो, पुष्कळांना असं होतं, यात वेड नाही. यावर औषधही नाही, असंही त्यांनी सरळ लिहिलं. मग त्यांनी राहीचं मनगट हातात घेतलं आणि त्यावर बोटाने ठोके दिले: एक, दोन, तीन. थांबल्या. पुन्हा एक, दोन, तीन. पाटीवर लिहिलं: मी आवाज असा तीन तुकडे करून देईन. त्यालाच बोट वर करायचं. आतलं जे येईल ते येऊ दे, त्याला बोट दाखवायचं नाही.

दार ओढलं. तीच शांतता, तीच अंगाला वेढणारी ऊब. राही डोळे उघडे ठेवून बसली. रहाट आला, तिने येऊ दिला. पेज आली, गेली. मग दादूचं गुणगुणणं आलं. इतकं स्पष्ट, की त्यात त्याचा श्वाससुद्धा होता. मांडीवरचा तिचा हात आपसूक उचलला गेला. नवरा हाक मारतोय आणि आपण ओ द्यायची नाही, असं तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. तिने दुसऱ्या हाताने तो हात धरला आणि खाली दाबला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं ते तिने पुसलं नाही, कारण हात सोडायचा नव्हता.

बराच वेळ गेला. मग त्या गुणगुणण्याच्या पलीकडून, धुक्यातून लांबची होडी दिसावी तसं काहीतरी आलं. जाड, बोथट. एक, दोन, तीन. तिने बोट वर केलं. काचेपलीकडे सावित्रीबाईंनी मान डोलावली.

तपासणी झाल्यावर त्यांनी एक कागद दाखवला. त्यावर दोन्ही कानांची रेघ काढली होती. रेघ डावीकडून थोडी सरळ चालली होती आणि मग एकदम खाली घसरली होती, कड्यावरून वाट तुटावी तशी. बाईंनी लिहून समजावलं, की बारीक आवाज आधी गेले, दोन्ही कानांचे सारखेच गेले. हे गोंगाटाने होतं. रक्तातून आलेलं असं दिसत नाही.

निकाल आणखी चार महिन्यांनी लागला. आयुक्तांनी लिहिलं, की बाईंचे कान कामाच्या आवाजाने गेले आहेत आणि त्याची जबाबदारी मालकांची आहे. हरिश्चंद्रला वाटत होती त्यापेक्षा रक्कम कमीच होती. पूर्ण बहिरेपण नाही, त्या हिशोबाने ती कापलेली. तो चरफडला. राहीने निकालाचा कागद घेतला, दोनदा वाचला, आणि त्यातल्या 'कामाच्या आवाजाने' या शब्दांवर बोट ठेवून दादूला दाखवलं.

त्या पैशातून ऐकायचं यंत्र आणलं. काडेपेटीहून जरा मोठी डबी, ती पोलक्यात ठेवायची, आणि तिची तार कानात. राहीने ते लावलं आणि दादूला म्हणाली, बोला. दादू बोलला. त्याचा आवाज कानात आला तो पत्र्याचा होऊन, कडा कापलेला. तिने ते त्याला सांगितलं नाही. बाजारात जाताना, एस.टी.त, दवाखान्यात ती यंत्र लावायची. तिकीट कुठलं विचारलं, भाव काय सांगितला, एवढं त्यातून नीट कळायचं. घरात मात्र ती तार गुंडाळून फळीवर ठेवून द्यायची. आणि दादू, जो इतकी वर्षं समुद्राकडे तोंड करून बसायचा, त्याने आपलं बसायचं पोतं उचलून दाराकडे तोंड होईल असं टाकलं. आता त्याला काही सांगायचं असलं की त्याने नुसती मान वर करायची, तिला ओठ दिसत.

दुपारची झोप राहीने सोडली नाही. पण उठल्यावर, मघाशी काय म्हणालात, असं ती आता विचारत नसे. आतला दादू वेगळा आणि खळ्यातला वेगळा, हे तिला मिरजेपासून कळायला लागलं होतं. दोघंही असू देत, असं तिने ठरवलं.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला हौसा आली. ती अजून पाचव्या प्रेसवर होती. दारात उभी राहून ती कितीतरी वेळ इकडचं तिकडचं बोलली, आणि मग एकदम ओठ हलवून, आवाज न काढता, कारखान्यात बोलायची तशी म्हणाली: माझे पण. राहीने तिला आत घेतलं. हरिश्चंद्रने दुसरा अर्ज लिहिला. याखेपेला कारखान्याने सोंगाची भाषा काढली नाही. उलट प्रेसच्या खात्यात कानावर घालायची झापडं आल्याचं कळलं, सगळ्यांना पुरतील एवढी नाहीत, पण आली.

हौसाला मिरजेला न्यायला राहीच गेली. पहाटेची गाडी. साखरपा मागे पडला, घाट लागला आणि ढग रस्त्यावर उतरले. खिडकीबाहेर झाडं उगवत होती आणि पुसली जात होती. हौसा घाबरलेली होती. ती सारखं काहीबाही विचारत होती, आणि राही तिच्या ओठांकडे बघून उत्तरं देत होती. त्या खोलीत कसं बसायचं, डोळे मिटायचे नाहीत, काय धरायचं आणि काय सोडायचं, ते सगळं राहीने तिला सांगितलं. सांगता सांगता हौसाची मान कलली आणि ती राहीच्या खांद्यावर झोपून गेली.

झोपेत ती काहीतरी बोलत होती. राहीला ते ऐकू येत नव्हतं. पण खांद्याच्या हाडातून, गाडीच्या थरथरीच्या जोडीने, ते तिच्या अंगात येत होतं. मधेच थांबत होतं, पुन्हा सुरू होत होतं, कुणाला तरी उत्तर दिल्यासारखं. हौसाला आत कोण भेटलं असेल, याचा राही विचार करत राहिली. घाट संपला, ऊन आलं, उसाची शेतं लागली. मिरजेच्या स्टँडवर गाडी उभी राहीपर्यंत तिने हौसाला उठवलं नाही.